झिजलेला सांधा: कुठे बदलायचा, कुठे जखडायचा, कुठे नुसतं हाड काढायचं?

कडूकिराईत

पन्नाशीपुढचा पेशंट येतो, "डॉक्टर, गुडघ्यात गॅप आलाय" म्हणतो आणि पुढच्याच दमात "बदलावा लागेल का?" विचारतो. जनरल प्रॅक्टिसवाल्यांना हा संवाद तोंडपाठ आहे. पण झीज खुब्याला होते, हाताच्या अंगठ्याच्या मुळाला होते, बोटांच्या पेरांना, घोट्याला, पायाच्या अंगठ्याला आणि खांद्यालाही होते. माझं मत असं, की आपण फॅमिली डॉक्टर मंडळी गुडघ्याचा हिशेब बाकीच्या सगळ्या सांध्यांना लावून मोकळे होतो. झिजलाय, फार दुखलं की बदलू. घोट्याला हे धड लागू होत नाही, अंगठ्याला तर नाहीच नाही.

तेव्हा इथल्या जाणकारांना विचारतो: प्रत्येक सांध्याची झीज साध्या तपासणीत कशी ओळखायची, ऑपरेशनची वेळ कधी येते, आणि आली तर नेमकं काय करतात? मापं चालतील, तपशील चालतील, वाद तर हवेतच. तेल, लेप आणि मेथीचे लाडू यांच्यासाठी वेगळा धागा काढावा.

मेथीचालाडू

आयडीवर थेट हल्ला. निषेध नोंदवून खाली बसतो. मांडी घालून. अजून घालता येते.

पायरीपायरीने

फिजिओच्या बाजूने सुरुवात करते.

झिजेचं दुखणं भार टाकल्यावर वाढतं, बसल्यावर कमी होतं. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. बराच वेळ बसून उठलं की पहिली चार पावलं जड जातात, मग सांधा चालू होतो. आखडलेपणा तासभर किंवा जास्त टिकत असेल आणि मनगटं व मुठीच्या गाठी सुजत असतील तर आमवाताचा विचार करा. एका रात्रीत लाल होऊन सुजलेला सांधा झिजेचा नसतो. सोबत ताप असेल तर तो पू झालेला सांधा आहे असंच धरून चाला, आणि त्यात स्टिरॉइडची सुई चुकूनही घालू नका.

गुडघा तपासताना पेशंट आधी उभा करा. पाय बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखे वाकलेत का? चालताना प्रत्येक पावलाला गुडघा बाहेर झटका देतो का? मग झोपवून गुडघ्याखाली तळहात सरकवा. हात सहज गेला आणि पेशंटला गुडघा खाली दाबता येत नसेल तर तो पूर्ण सरळ होत नाहीये. हे फार महत्त्वाचं आहे आणि निम्म्या केस पेपरांवर लिहिलेलंच नसतं. मग सांध्याच्या फटीवर आतून आणि बाहेरून दाबून दुखतं कुठे ते बघा. आतल्या बाजूला, पण फटीच्या दोन-तीन बोटं खाली, नडगीवर दुखत असेल तर ती बहुतेक वेळा स्नायूबंधाखालच्या पिशवीची सूज असते. तिच्यासाठी कोणी गुडघा बदलू नये!

सपाट रस्त्यावर ठीक, पण जिना उतरताना आणि पाटावरून उठताना कळ येते, असं असेल तर गुडघ्याच्या वाटीमागची झीज बघा.

क्षकिरण

पायरीपायरीने यांना अनुमोदन. एक्स-रेचं माझ्याकडून.

१. फिल्म उभ्याने काढा, दोन्ही गुडघे एकत्र. झोपून काढलेल्या फिल्ममध्ये झिजलेली फटसुद्धा चांगली दिसते, कारण तिथे भारच नसतो. गुडघे ४५ अंशांत वाकवून मागून पुढे काढलेली फिल्म त्याहून बोलकी, कारण कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर) बऱ्याचदा मागच्या भागात आधी जाते.

२. चार खुणा: फट अरुंद होणं, कडेला हाड वाढणं, कूर्चेखालचं हाड पांढरं पडणं, हाडात पोकळ्या. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये यावरून ० ते ४ अशी श्रेणी केली, ती आजही चालते.

३. श्रेणी आणि दुखणं यांचं नातं ढिलं आहे. चौथ्या श्रेणीचा गुडघा घेऊन बाजारहाट करणारे आहेत, दुसऱ्या श्रेणीला रडकुंडीला येणारेही आहेत. ऑपरेशन पेशंटचं करायचं असतं, फिल्मचं नाही.

४. उभ्या फिल्मवर झीज दिसत असताना एमआरआय कशाला? पन्नाशीनंतर गादी (दोन हाडांमधली चकती, मेनिस्कस) फाटलेली निघणारच. मग त्या फाटलेल्या गादीसाठी दुर्बीण घातली जाते.

खेकडा६२

तेच विचारणार होतो. दुर्बिणीने गुडघा "धुऊन" देतात त्याचा उपयोग शून्य, हे खरं का? आणि पीआरपीच्या (पेशंटच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सच्या) सुया? आमच्या शहरात दर दुसऱ्या फलकावर "ऑपरेशनविना गुडघा" लिहिलंय.

बाशिंगवाला

खेकडासाहेब, दुर्बिणीचं उत्तर २००२ मध्येच मिळालंय. ह्यूस्टनला १८० पेशंटांचे तीन गट केले: एकात गुडघा धुतला, दुसऱ्यात खरवडून साफ केला, तिसऱ्यात नुसते चामडीला छेद देऊन टाके घातले. दोन वर्षांनी तिन्ही गट सारखेच. गुडघा खरोखर अडकत असेल, म्हणजे सैल तुकडा मध्ये येऊन सरळच होत नसेल, तर दुर्बीण घालावी. नुसत्या झिजेला नाही.

पीआरपीची ऑस्ट्रेलियात मिठाच्या पाण्याशी तुलना झाली, २०२१ मध्ये. २८८ लोक, प्रत्येकी तीन सुया, वर्षभराने दुखण्यात म्हणावा असा फरक नाही. फलकवाल्यांना हे सांगून उपयोग नाही, पण पेशंटला सांगावं.

आता गुडघ्याची खरी ऑपरेशनं.

नडगीचं हाड कापून पाय सरळ करणं. झीज फक्त आतल्या कप्प्यात (गुडघ्याचे आतला, बाहेरचा आणि वाटीमागचा असे तीन कप्पे), वय साधारण साठच्या आत, गुडघा ९० अंशांपलीकडे वाकतो, सरळ होण्यात १०-१५ अंशांपेक्षा जास्त तूट नाही, अशांसाठी. नडगी वरच्या टोकाशी आतून कापतात, बाहेरची सुमारे सेंटीमीटरभर कड बिजागरीसारखी शाबूत ठेवतात, फट उघडून प्लेट बसवतात. खुब्यापासून घोट्यापर्यंतची भाररेषा नडगीच्या रुंदीच्या आतून मोजलेल्या ६२ टक्क्यांच्या आसपास जावी असा हिशेब असतो. चुकतं कुठे? बाहेरची कड तुटते. फट पुढून जास्त उघडली की नडगीचा मागचा उतार वाढतो. तंबाखू-सिगारेटवाल्यांची फट भरत नाही. आधी फुल लेंथ उभी फिल्म नसेल तर हे ऑपरेशन अंदाजपंचे दाहोदरसे.

अर्धा गुडघा. फक्त आतला कप्पा बदलायचा. अट अशी की पुढचा क्रूसबंध (गुडघ्याच्या मधला बंध, एसीएल) शाबूत हवा आणि वाकलेला पाय हाताने ताण देऊन सरळ होत असावा. हाड कमी जातं, पेशंट लवकर उठतो, चाल नैसर्गिक वाटते. उणी बाजू म्हणजे पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण पूर्ण गुडघ्यापेक्षा जास्त. सरकत्या गादीचा प्रकार वापरला तर गादी निसटू शकते, आणि आपल्याकडे जमिनीवर बसणारे पेशंट असल्याने हे ध्यानात ठेवावं.

पूर्ण गुडघा. दोन-तीन कप्पे गेलेत, पाय वाकडा झालाय, रात्रीची झोप मोडते, व्यायाम-औषधं नीट करून झालीत, तेव्हा. पुढून उभा छेद, वाटी बाजूला. मांडीच्या हाडात सळी घालून ५ ते ७ अंशांच्या कोनात खालचा ८-१० मिलिमीटर काप, नडगी आसाला काटकोनात, मांडीच्या घटकाला साधारण ३ अंश बाहेरचा वळसा. मग खरी परीक्षा: गुडघा सरळ असताना आणि ९० अंशांत वाकवल्यावर कापलेल्या हाडांमधली फट सारखी आणि चौकोनी हवी. सरळ असताना घट्ट आणि वाकवल्यावर सैल असेल तर मांडीचा खालचा काप वाढवायचा. दोन्हीकडे घट्ट असेल तर नडगी. हा तक्ता ज्याला पाठ नाही त्याने हत्यार धरू नये.

आणि एक फॅशन सांगून ठेवतो. पोटरीच्या बारीक हाडाचा दोनेक सेंटीमीटर तुकडा काढायचा, की गुडघा बरा! २०१५ च्या सुमारास चीनमधून आलं आणि आपल्याकडे स्वस्त म्हणून पसरलं. पुरावा तोकडा आहे, आणि शेजारची नस दुखावली तर पायाचा अंगठा उचलता येत नाही.

भेंडीबाजार

बाशिंगवाला हे नाव गुडघ्याच्या सर्जनला शोभतंय खरं.

टिकाऊमाल

बाजाराबद्दल थोडं. ऑगस्ट २०१७ मध्ये एनपीपीएने (औषधांच्या किमती ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने) गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींना मर्यादा घातली. नेहमीचा कोबाल्ट-क्रोमचा संच ५४,७२० रुपये अधिक जीएसटी, टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमचा ७६,६०० अधिक जीएसटी. हे त्या आदेशातले आकडे, पुढे सुधारणा होत गेल्या. बिलात इम्प्लांटचं नाव, घटकवार किंमत आणि बॅच नंबरचं स्टिकर असलं पाहिजे. स्टिकर जपून ठेवा. दहा-पंधरा वर्षांनी फक्त मधली प्लास्टिकची चकती बदलायची वेळ आली तर कंपनी आणि माप त्याशिवाय कळत नाही.

"सोनेरी गुडघा" म्हणजे टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा. निकेलची खरी ॲलर्जी असेल तर विचार करावा, एरवी रंगाचे पैसे. "हाय-फ्लेक्स"साठी, म्हणजे जास्त वाकतो म्हणून विकल्या जाणाऱ्या गुडघ्यासाठी, मांडीच्या हाडाचा मागून दोनेक मिलिमीटर जास्त काप घ्यावा लागतो, आणि वाक त्याने फारसा वाढत नाही. ऑपरेशनआधी गुडघा किती वाकतो यावरच नंतरचा वाक मुख्यतः ठरतो.

टिकण्याचं म्हणाल तर २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आकड्यांनुसार पूर्ण गुडघे २५ वर्षांनी सुमारे ८२ टक्के शाबूत, अर्धे गुडघे ७० टक्के, खुबे ५८ टक्के. खुब्याचा आकडा वाचून घाबरू नका. त्यात जुन्या प्लास्टिकचे खुबे भरपूर आहेत, आताचं क्रॉसलिंक केलेलं प्लास्टिक पुष्कळ कमी झिजतं.

खेकडा६२

आणि रोबो? तो नाही म्हणजे गुडघा जुन्या पद्धतीचा, असं सांगतात.

टिकाऊमाल

रोबोने काप ठरवलेल्या कोनात अचूक येतात, ढोबळ चुका कमी होतात. पेशंटच्या चालण्यात-दुखण्यात ठळक फरक दिसत नाही. फटींचा तोल कसा ठेवायचा हे अजून माणूसच ठरवतो. आधी सर्जन निवडा, यंत्र नंतर.

जांघेतला

गुडघ्याने धागा गिळायच्या आत खुब्याचं.

पेशंट गुडघा धरून येतो, गुडघ्याची फिल्म साफ, गुडघा दाबून दुखत नाही. अशा वेळी खुबा फिरवून बघा. दोघांना नसा सामाईक, म्हणून खुब्याचं दुखणं गुडघ्यात बोलतं. खुब्याची कळ जांघेत असते. "कुठे दुखतं" विचारलं की पेशंट अंगठा मागे आणि बोटं पुढे अशी कमरेच्या बाजूला पकड दाखवतो. कुल्ल्यात दुखून गुडघ्याखाली उतरणारी कळ बहुधा मणक्याची. बाजूच्या उंचवट्यावर, त्या कुशीवर झोपल्यावर दुखणारी, सांध्याबाहेरची.

सगळ्यात आधी जातो तो आत वळण्याचा आवाका. पेशंट उताणा, खुबा आणि गुडघा ९० अंशांत, पाऊल बाहेर न्या म्हणजे खुबा आत वळतो. दोन्ही बाजूंची तुलना करा. १५ अंशांच्या आत अडला आणि जांघेत कळ आली तर फिल्म काढा. पायमोजा घालता न येणं, पायाची नखं कापता न येणं, रिक्षात चढताना पाय हाताने उचलावा लागणं, हे प्रश्न विचारा.

आपल्याकडे नुसत्या वयाने झिजलेला खुबा पाश्चात्त्यांच्या मानाने कमी. तरुण पेशंट खुब्यासाठी येतो तेव्हा बहुधा मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो खचलेला असतो, आणि झीज त्यानंतरची. कारणं: स्टिरॉइड, दारू, जुनं फ्रॅक्चर. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) विसरू नका. तिथे विशीतला खुबा खचलेला दिसतो. त्या हाडाची पोकळी आतून घट्ट होऊन बुजलेली असते, रीमर (हाड आतून पोखरायचं हत्यार) भलतीकडे घुसून हाडाला भोक पडतं, आणि जंतुसंसर्गाचा धोकाही जास्त. पेशंटला थंडी वाजू द्यायची नाही, पाणी आणि ऑक्सिजन कमी पडू द्यायचा नाही.

ऑपरेशन म्हणजे गोळा कापून काढणं, कमरेच्या हाडातली वाटी खरवडून अर्धगोल कप बसवणं, मांडीच्या हाडात दांडा आणि त्यावर ३२ किंवा ३६ मिलिमीटरचा गोळा. कप साधारण ४० अंश तिरका आणि १५-२० अंश पुढे झुकलेला. हे कोन चुकले की निखळतो. ब्रिटिश सर्जन चार्न्लीने १९६२ च्या सुमारास २२.२२५ मिलिमीटरचा छोटा गोळा घेतला, घर्षण कमी व्हावं म्हणून. धातूवर धातू हा प्रकार मात्र अंगाशी आला: एएसआर नावाचा कृत्रिम खुबा २०१० मध्ये जगभरातून परत बोलावला गेला, भारतातही भरपाईचा प्रश्न बरीच वर्षं चालला. आता सिरॅमिकचा गोळा आणि क्रॉसलिंक प्लास्टिक हा नेहमीचा मेळ.

मागून ऑपरेशन केलं असेल तर पहिले सहा ते बारा आठवडे तीन गोष्टी बंद: ९० अंशांपुढे वाकणं, पायावर पाय टाकणं, बूड टेकलेलं असताना गुडघा आत वळवणं. कमोड उंच करून घ्या.

सोनचाफा२

वाचते आहे. वाजपेयींचे गुडघे बदलले तेव्हा पहिल्यांदा घरोघरी हा विषय निघाला, नाही का?

बाशिंगवाला

हो, ब्रीच कँडीत, ऑक्टोबर २००० मध्ये डावा आणि जून २००१ मध्ये उजवा, डॉ. चित्तरंजन राणावत यांनी. दोन्ही एकदम न करता मध्ये आठेक महिने ठेवले. त्यावरून पुढचा वाद सुरू करतो: दोन्ही गुडघे एकाच वेळी करावेत का?

भूलथाप

भूल देणाऱ्याचं मत सरळ आहे: सरसकट नको. एकदम केले की रक्त जास्त जातं, मज्जेतली चरबी फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो, हृदयावर ताण येतो. वय सत्तरच्या आत, हृदय-फुप्फुस-मूत्रपिंड चांगलं, वजन आटोक्यात, अशांचं एकदम करा. बाकीच्यांना तीन महिने मध्ये ठेवा.

बाशिंगवाला

तत्त्वतः मान्य, पण एक अपवाद. दोन्ही गुडघे २०-३० अंशांत वाकून अडकलेत, अशा बाईंचा एकच पाय सरळ केला तर तो लांब पडतो. चालताना ती तोही वाकवूनच चालते आणि नवा गुडघा पुन्हा आखडतो. अशांचं दुसरं ऑपरेशन फार लांबवता येत नाही. एकाच भरतीत चार-पाच दिवसांनी करा, पण करा.

भूलथाप

ठीक, तेवढं मान्य. आता फॅमिली डॉक्टरांसाठी ऑपरेशनआधीची यादी, कारण यातलं बरंचसं ऐनवेळी कळतं आणि तारीख पुढे जाते.

एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) साडेसात-आठच्या खाली आणा. हिमोग्लोबिन कमी असेल तर चार-सहा आठवडे आधीपासून लोह द्या, आदल्या दिवशी रक्ताची बाटली हा उपाय नव्हे. किडलेले दात, लघवीची जळजळ, नखांतली बुरशी, पायाच्या भेगा, सगळं आधी. त्या सांध्यात स्टिरॉइडची सुई दिली असेल तर त्यानंतर किमान तीन महिने बदलायचा नाही, जंतुसंसर्ग वाढतो. डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्या तीन दिवस आधी बंद, नाहीतर साखर नॉर्मल दिसत असताना किटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साचणं) होतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. क्लोपिडोग्रेल (रक्त गोठू न देणारी गोळी) पाच-सात दिवस आधी बंद, पण स्टेंट असेल तर हृदयवाल्यांना विचारूनच.

आणि पुड्या! "संधिवाताची पुडी" वर्षानुवर्षं घेणारे पेशंट खरं सांगत नाहीत. त्यात स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. चेहरा गोल, चामडी कागदासारखी, जरा लागलं की काळंनिळं, असं दिसलं तर पुडीची चौकशी करा. ऑपरेशनच्या ताणात शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड पुरत नाही, रक्तदाब कोसळतो.

निर्जंतुक

थिएटरमधून. सेफाझोलिन हे अँटिबायोटिक २ ग्रॅम, १२० किलोंवर ३ ग्रॅम, छेदाच्या आधी तासाभरात आणि मांडीवरचा रक्त थांबवणारा पट्टा फुगवण्यापूर्वी. पट्ट्यानंतर दिलेलं औषध पायापर्यंत पोहोचतच नाही. रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम छेदाआधी, त्याने रक्त चढवणं खूप कमी झालंय. इम्प्लांट हाडावर पक्कं बसवणारं सिमेंट लावण्याआधी हाड पाण्याच्या झोताने धुऊन कोरडं हवं. रक्त-चरबी राहिली की सिमेंट हाडात मुरत नाही, आणि काही वर्षांनी घटक हलतो. सिमेंट दहा-बारा मिनिटांत घट्ट होतं. खोली गरम असेल तर आधीच, म्हणून एसी बंद पडला तर मिसळण्याआधी सर्जनला सांगायचं, मिसळल्यावर नाही.

फॅमिली डॉक्टरांना एक विनंती. टाक्यांतून पाणी येत असेल तर अँटिबायोटिकची गोळी देऊन वाट बघू नका. पाच-सात दिवसांपुढे पाझरणारी जखम सर्जनने उघडून बघावी लागते. पहिल्या काही आठवड्यांत पकडलं तर धुऊन, प्लास्टिक बदलून सांधा वाचू शकतो. गोळ्यांनी झाकलं तर पुढे दोन टप्प्यांचं ऑपरेशन: सांधा काढून औषधी सिमेंटचा ठोकळा, मग नवा.

टाचणी

हाताकडे कोणी वळेना, म्हणून मीच.

बोटाच्या टोकाकडच्या पेरावर गाठी आल्या तर त्या हेबर्डनच्या, मधल्या पेरावरच्या बुशारच्या. बायकांत जास्त, पुष्कळदा आईकडून. सुरुवातीला लाल होऊन दुखतात, वर्ष-दोन वर्षांत दुखणं विझतं, गाठ राहते. नखाच्या मुळाशी पाण्याची फोडी आली तर सुईने फोडू नका. ती सांध्याशी जोडलेली असते, जंतू थेट आत जातात. काढायची तर खालचं टोकदार हाडही घासावं लागतं, नाहीतर परत येते. टोकाचा सांधा फारच दुखला तर स्क्रू घालून जखडतात, जवळजवळ सरळ. काम फारसं अडत नाही. मधल्या पेरात बोटानुसार निर्णय: तर्जनीवर चिमटीचा आडवा दाब येतो म्हणून ती ४० अंशांत जखडलेली बरी, अनामिका आणि करंगळीत सिलिकॉनचा सांधा चालतो, कारण मूठ वळायला तीच लागतात.

अंगठ्याचं मूळ ही खरी गंमत. बरणीचं झाकण, कुलपाची किल्ली, ओला कपडा पिळणं, पोळीचं कणीक मळणं, यात कळ. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूचा कोपरा चौकोनी दिसतो. तपासणी: अंगठ्याचं तळहातातलं हाड धरून मुळाकडे दाबत गोल फिरवा, करकर आणि कळ आली तर तोच सांधा. मूठ वळून मनगट करंगळीकडे झुकवल्यावर कळ आली तर ती शेजारच्या स्नायूबंधाची, झिजेची नव्हे. दोन्ही एकत्र असू शकतात.

आधी सहा आठवडे पट्टी, मग एखादी सुई. नाहीच जमलं तर मुळाशी असलेलं ट्रॅपेझियम हे छोटं हाड पूर्ण काढून टाकतात. बस. जागा व्रणाने भरते.

क्षकिरण

बस कसं? पोकळीत स्नायूबंधाची गुंडाळी भरतात ना?

टाचणी

भरणारे भरतात. तुलना केलेल्या अभ्यासांत नुसतं हाड काढण्यापेक्षा गुंडाळीने फायदा दिसलेला नाही, गुंतागुंत मात्र थोडी वाढते. माझं मत साध्याकडे. पेशंटला सांगायची गोष्ट वेगळीच आहे: चार-सहा आठवडे हात बंद, चिमटीची ताकद यायला सहा महिने ते वर्ष. छेदात तिथली बारीक संवेदना-नस दुखावली तर मूळ दुखण्यापेक्षा तिची जळजळ वाईट.

पायताण

घोटा. हा सहसा नुसत्या वयाने झिजत नाही, बहुतेकांच्या मागे जुनं फ्रॅक्चर किंवा वारंवार मुरगळणं असतं. म्हणजे पेशंट तरुण, कामकरी. म्हणून इथे जखडणं अजून मानाचं ऑपरेशन आहे. पाऊल काटकोनात, टाच किंचित बाहेर झुकलेली, ५-१० अंश बाहेर वळलेलं, दोन-तीन स्क्रू. सहा आठवडे भार नाही, हाड जुळायला दहा-बारा आठवडे. विडी ओढणाऱ्याचं जुळत नाही. पाऊल खाली झुकलेलं जखडलं गेलं तर गुडघा मागे जायला लागतो, ही चूक आयुष्यभर चालताना दिसते. नीट जखडलेला पेशंट सपाटीवर जवळजवळ लंगडत नाही, पण काही वर्षांनी खालचा सांधा झिजू लागतो.

घोटा बदलणंही आहे: वय जास्त, धावपळ कमी, पाय सरळ, त्वचा चांगली. मधुमेहाने बधिर झालेल्या पायात नको.

पायाचा अंगठा: वरच्या बाजूला हाड वाढतं, बूट घासतो, अंगठा वर वाकत नाही. हे गाऊट समजून वर्षानुवर्षं युरिक ॲसिडच्या गोळ्या चालतात. थोडी झीज असेल तर वरचं वाढलेलं हाड छाटतात. पूर्ण झिजला तर जमिनीपासून १०-१५ अंश वर ठेवून जखडतात. उंच टाचा मग विसरायच्या.

खांदेपालट

खांदा थोडक्यात. बाहेर वळवणं अडलंय, तर दोन शक्यता: फ्रोझन शोल्डर किंवा झीज. एक्स-रे साफ असेल तर पहिलं. काखेतून काढलेली फिल्म मागा, खांद्याची वाटी मागून झिजलेली तिथेच दिसते.

स्नायूंची कफ (सांध्याभोवतीच्या स्नायूबंधांचं आवरण) शाबूत असेल तर जसा होता तसा सांधा बसवतात. कफ फाटून गोळा वर चढला असेल तर तसा बसवलेला टिकत नाही, वाटी डगमगते. तिथे उलटा सांधा: गोळा वाटीच्या जागी, वाटी दंडावर. फ्रान्सच्या ग्रामाँने १९८५ मध्ये केलेली ही युक्ती. फिरण्याचा केंद्रबिंदू आत आणि खाली गेल्याने एकटा डेल्टॉइड (खांद्यावरचा मोठा स्नायू) हात उचलू शकतो. म्हणून डेल्टॉइड लुळा असेल तर हे ऑपरेशन करायचंच नाही. इथला जंतूही वेगळा, काखेतल्या तेलकट त्वचेतला, हळू वाढणारा. कल्चर दोन आठवडे ठेवायला लॅबला सांगावं लागतं.

मेथीचालाडू

बसलोय अजून. नव्या गुडघ्याने मांडी घालता येते का, तेवढं सांगा म्हणजे उठतो.

पायरीपायरीने

वाक सहसा ११० ते १२५ अंश मिळतो. कित्येकांना मांडी जमते, पण खरी अडचण जमिनीवरून उठताना. उकिडवं बसायला त्याहून बराच जास्त वाक लागतो, आणि भार प्लास्टिकच्या मागच्या कडेवर येतो. म्हणून रोज नको, कमोड करून घ्यावा. गुडघे टेकून पूजा किंवा नमाज चालते, पण छेदाच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर असते, खाली जाड उशी हवी. ती बधिरता आणि पाच-सहा महिने राहणारी ऊब, दोन्ही बहुतेक निरुपद्रवी. ऊब वाढत जाऊन दुखायला लागलं तर मात्र दाखवा.

नंतरच्या व्यायामात सगळे वाकवण्याच्या मागे लागतात. आधी सरळ करा! गुडघ्याखाली उशी घेऊन झोपणं आरामाचं वाटतं आणि त्यानेच गुडघा कायमचा अडकतो. उशी टाचेखाली ठेवा. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालणं, दोन आठवड्यांत ९० अंश, सहा आठवड्यांत ११०. सहा आठवड्यांनीही ९० नसेल तर सर्जनला कळवा. बारा आठवड्यांच्या आत भूल देऊन वाकवता येतो, पुढे ते अवघड होतं.

कडूकिराईत

भरपूर मिळालं. माझा मधला प्रश्न मात्र राहिला: पाठवायचं कधी? सगळेच "फार दुखलं की" म्हणतात.

बाशिंगवाला

फार दुखेपर्यंत थांबू नका, वाकडेपणा वाढेपर्यंत तर नकोच. तीन महिने मांडीच्या स्नायूंचा व्यायाम खरोखर केला, वजन थोडं उतरवलं (एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो), आणि तरी झोपमोड होते किंवा चालणं घराच्या गल्लीपुरतं उरलं, तर पाठवा. गुडघा सरळ होण्यातली तूट १५ अंशांवर गेली, किंवा एका वर्षात पाय वाकडा झालेला नातेवाइकांच्या लक्षात आला, तर दुखणं कमी असलं तरी पाठवा. उशिरा आलेल्या गुडघ्याला हाडाचे तुकडे भरावे लागतात, लांब दांड्याचं इम्प्लांट लागतं, खर्च वाढतो.

उलट, दुखणं भयंकर आणि फिल्म जेमतेम दुसऱ्या श्रेणीची असेल तर बदलायला पाठवू नका. पाचांतला एखादा पेशंट बदलून नाराज राहतो, आणि त्यात हे बरेच असतात. आधी खुबा बघा, मणका बघा.

खेकडा६२

कोपर कोणी सांगितलं नाही.

खांदेपालट

कोपर हा कामगारांचा सांधा: हातोडा, ड्रिल, जड ओझी. मधल्या हालचालीत दुखत नाही, पूर्ण सरळ करताना आणि पूर्ण वाकवताना टोकाला दुखतं. पिशवी लोंबती धरून चालता येत नाही. सैल तुकडे असतील तर मध्येच अडकतो. बदललेल्या कोपराने आयुष्यभर एका वेळी चार-पाच किलोंवर उचलायचं नाही, वारंवार तर किलोभरच, त्यामुळे कामकऱ्याला तो देण्यात अर्थ नाही. वाढलेलं हाड छाटतात आणि तुकडे काढतात, दुर्बिणीने किंवा उघडून. करंगळीत मुंग्या आहेत का, हे आधी विचारायचंच. वाक ९०-१०० अंशांच्या आत असेल तर मुंग्या नसल्या तरी अल्नर नस (कोपराच्या आतून करंगळीकडे जाणारी) त्याच वेळी मोकळी करावी, नाहीतर वाक वाढल्यावर ती ताणली जाते आणि हाताची पकड जाते.